खांबाला हळद लागली

अंबरीश पिंपळापुरे यांना फक्त एक पाटी लावायची होती. पुढे जे काही झालं त्यातलं काहीही त्यांच्या मनात नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण भोपाळच्या अरेरा कॉलनीत अजूनही काही लोक 'हे सगळं पिंपळापुऱ्यांनी मुद्दाम केलं' असं म्हणतात.

अनुपम अपार्टमेंट ही खांबांवर उभी असलेली जुनी इमारत. खाली पार्किंग, वर तीन मजले. कोपऱ्यातल्या खांबाजवळची जागा कागदोपत्री अंबरीशरावांची, पण तिथे वर्षानुवर्षं उभी असायची सोसायटीचे अध्यक्ष सौरभ सक्सेना यांची गाडी. अंबरीशरावांकडे गाडी नव्हती. एक स्कूटर होती आणि ती जिन्याखाली सुखात होती. पण हक्क म्हणजे हक्क. सरकारी कंपनीच्या लेखाविभागात जन्म काढलेल्या माणसाला न वापरलेल्या हक्काचं दुःख जास्त असतं. निवृत्ती चैत्रावर आली होती आणि त्याआधी एवढं एक काम उरकायचं त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी हातोडी, खिळा आणि जवाहर चौकातून रंगवून आणलेली पाटी घेऊन ते खाली उतरले. पाटीवर लिहिलं होतं, 'ही जागा पिंपळापुरे यांची आहे.'

"सक्सेनांना मराठी कुठे येतं?" मंजूषाताईंनी गॅलरीतून विचारलं.

"निषेधाला भाषा नसते," अंबरीशराव म्हणाले आणि खांबावर खिळा टेकवून हातोडी हाणली.

खिळा वाकला. दुसरा घाव जरा बोदा आवाज करून गेला. तिसऱ्या घावाला ताटाएवढा सिमेंटचा पोपडा खांबापासून सुटला आणि थेट त्यांच्या चपलेवर येऊन पडला. आत खांबाची सळी दिसत होती. सळी कसली, गंजाच्या पापुद्र्यांची चळतच ती. हात लावला तर भुगा हातात आला. अंबरीशरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पोपडा उचलून परत जागेवर बसवायचा प्रयत्न केला. तो बसला नाही. आपल्याकडे गुपचूप करायच्या गोष्टींना हमखास साक्षीदार मिळतात, तसे समोरच्या फ्लॅटमधले वसंत ढोके तेवढ्यात दूध घेऊन आले.

"काय पिंपळापुरे, बिल्डिंग पाडून राहिले काय?"

ढोकेकाका मूळचे यवतमाळचे. राज्य सरकारच्या नोकरीत भोपाळला आले, निवृत्त झाले आणि आता दिवसभर सल्ले देत. त्यांनी खांबाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निदान केलं, "काही नाही हो. पुट्टी भरा, वरून रंग मारा. माह्या बाथरूमले असंच झालं होतं."

पाठोपाठ सक्सेना उतरले. त्यांनी आधी आपली गाडी न्याहाळली, मग खांब आणि शेवटी अंबरीशरावांच्या हातातली हातोडी. "भाईसाहब, अच्छा-खासा पिलर था. आपने ठोका, टूट गया. अब आप ही ठीक करवाइए, और क्या!"

अंबरीशरावांचा जो संताप झाला तो पाटीत मावणारा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतलेल्या माणसावर हा आरोप! त्यांनी खांबाचे फोटो काढले आणि पुण्याला भाचीला पाठवले. श्रुती पुण्यात स्थापत्यशास्त्र शिकवत होती. घरात ज्ञान असताना बाहेर कशाला जायचं?

श्रुतीचा लगेच फोन आला. "मामा, तू नाही रे पाडलास. हे कित्येक वर्षं आतल्या आत चाललंय. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो, त्यामुळे आतली सळी सुरक्षित राहते, गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि त्या चुन्याचा खडू करून टाकतो. मग सळीचं संरक्षण गेलं. त्यात ओल मिळाली की गंज. आणि गंज लोखंडापेक्षा फुगतो, जागा मागतो. जागा मिळाली नाही की आतून सिमेंट फोडतो."

"म्हणजे हवेने?" अंबरीशराव हादरले. "साध्या हवेने?"

"साध्या हवेने आणि पाण्याने. जवळपास कुठे पाणी गळतंय का?"

गळत होतं. खांबाच्या बुडाशी कायम एक ओला पट्टा असे आणि त्यात शेवाळ. अंबरीशरावांनी आजवर ती नगर निगमाची पाइपलाइन समजून निगमाला मनातल्या मनात दूषणं दिली होती. आता त्यांनी रीतसर हेल्पलाइनला तक्रार केली. तक्रार, स्मरणपत्र, अपील, उपोषणाचा इशारा, असा सगळा क्रम त्यांनी मनाशी आखून ठेवला होता. पण त्यांची घोर निराशा झाली. तिसऱ्याच दिवशी निगमाचे तरुण इंजिनिअर आशय जैन दारात हजर.

जैनसाहेबांनी जमीन थोडी उकरून पाहिली आणि नम्रपणे सांगितलं, "सर, ये लाइन हमारी नहीं है. ये आपकी सोसायटी की ही पाइप है, टंकी से उतर रही है." मग त्यांचं लक्ष खांबाकडे गेलं. ते बराच वेळ गप्प उभे राहिले. इंजिनिअर बोलतो तेव्हा भिऊ नये, गप्प झाला की भ्यावं.

"इसके ऊपर किसका फ्लैट है?"

"माझा. मेरा," अंबरीशराव म्हणाले.

"सर, इसे खुलवाकर ठीक करवाइए. महीने भर में मैं दोबारा आऊँगा. ऐसा ही मिला तो मुझे ऊपर के फ्लैट खाली करने को लिखना पड़ेगा. मेरी मजबूरी समझिए."

त्या संध्याकाळी अंबरीशराव जेवले नाहीत. नुकतंच त्यांनी नागपूरला थोरल्या भावाला ताठ मानेने कळवलं होतं की आम्ही निवृत्तीनंतर भोपाळ सोडणार नाही. भाऊ फोनवर हसला होता, "भोपाळात काय ठेवलंय तुझं?" असं विचारलं होतं. काय ठेवलं होतं? हेच घर ठेवलं होतं. निम्मा जन्म याचे हप्ते फेडले, पडदे बदलले, मंजूषाने गॅलरीत अनंत लावला आणि तो जगवला. आता बॅगा घेऊन भावाच्या दारात उभं राहायचं, 'खांब फुटला' म्हणून सांगायचं, आणि तो परत हसणार. मंजूषाताईंनी त्या रात्री अनंताला दोनदा पाणी घातलं, हे अंबरीशरावांच्या नजरेतून सुटलं नाही.

सोसायटीची मीटिंग झाली. सोसायटीच्या मीटिंगचं वर्णन करू नये. ज्याने एक पाहिली त्याने सगळ्या पाहिल्या. सार एवढंच, की खांब अंबरीशरावांनी फोडला, खांब अंबरीशरावांच्या घराखाली, तेव्हा खांब अंबरीशरावांचाच. ज्या जागेवर त्यांचा हक्क इतकी वर्षं कोणी मान्य केला नव्हता, त्या जागेचं खापर मात्र एकमताने त्यांना बहाल झालं.

"बाकीचे खांबही आतून तसेच असतील!" अंबरीशराव ओरडले.

"सिद्ध करा," ढोकेकाका म्हणाले.

सिद्ध करायचा उपाय श्रुतीने सांगितला. खांबाचा ताजा टवका काढायचा आणि त्यावर एक औषध शिंपडायचं. जिथे सिमेंट निरोगी तिथे गुलाबी रंग येतो, आजारी असेल तिथे येत नाही. औषधाचं नाव अंबरीशरावांनी चार वेळा लिहून घेतलं आणि शाळा-कॉलेजांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र मागितलं. कॉलेज नाही, खांब आहे, असं सांगितल्यावर त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "ये पहले पेट साफ करने की गोली में आता था. वो चाहिए तो डॉक्टर की पर्ची लाओ." मागे उभ्या असलेल्या दोन कॉलेजकुमारी हसल्या. अंबरीशराव मान खाली घालून शिवाजीनगरच्या बसमध्ये चढले, ती बसही चुकीची निघाली.

"एवढंच ना?" सगळं ऐकून मंजूषाताई म्हणाल्या. "चुन्याचा अंश आहे की नाही, एवढंच बघायचंय? मग हळद घ्या की. कुंकू कशाचं करतात? हळदीत चुना कालवला की लाल होते. साडीवर पडलेला हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तो तुम्हाला कशाला माहीत असणार!"

अंबरीशरावांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या घरात एक रसायनशास्त्रज्ञ फोडणी घालते आहे याची त्यांना कल्पना नव्हती. श्रुतीला विचारलं तर ती फोनवर किंचाळलीच, "मामी ग्रेट आहे! फक्त पाण्यात नको, स्पिरिटमध्ये कालवा, चांगली भिनेल." कोरोनाच्या काळात घाबरून घेतलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या माळ्यावर होत्याच. त्यात हळद कालवून वाटी तयार झाली.

कोपऱ्यातल्या खांबावर, पोपडा पडलेल्या जागी, छिन्नीने आतपर्यंत ताजा खळगा केला आणि मंजूषाताईंनी बोटांनी हळद माखली. सोसायटीतले सगळे वाकून बघत होते. कडेकडेने हळद पिवळीच राहिली. फक्त अगदी मधोमध, खोल खळग्यात, रुपयाएवढा ठिपका लालभडक झाला.

फोटो पाहून श्रुती म्हणाली, "बाहेरून बराच गेलाय. पण मध्ये लाल आहे ना, म्हणजे गाभा अजून चांगला आहे. मामा, हा खांब वाचतो!"

ते ऐकून अंबरीशरावांना आतून इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याच उत्साहात छिन्नी आणि वाटी घेऊन उरलेले सगळे खांब तपासले. इथेच त्यांचं चुकलं. सक्सेनांच्या फ्लॅटखालचा खांब पुरता लाल झाला. सक्सेना पांढरे पडले. "लाल? लाल मतलब डेंजर!" ढोकेकाकांच्या खांबावर हळद बोटभर खोलपर्यंत पिवळीच राहिली, तर त्यांनी घरी जाऊन पेढे आणले. "पिवळं म्हणजे शुभ बाप्पा! आमच्याकडे नवरीले काय लाल लावतात?"

"काका, लाल म्हणजे निरोगी! पिवळा म्हणजे आजारी!" अंबरीशराव जीव तोडून सांगत होते.

"सिग्नलले पण असंच समजता काय तुम्ही?" ढोकेकाका म्हणाले आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला. सोसायटीत लालवाले आणि पिवळेवाले असे दोन तट पडले. लालवाले घाबरून आणि पिवळेवाले निश्चिंत होऊन, दोघेही खर्च करायला नाही म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाला आला. अंधुक उजेडात त्याला कोपऱ्यातल्या खांबावर हळदीने माखलेला एक गोल चेहरा दिसला, आणि मधोमध कुंकवाचा टिळा. भल्या माणसाने कॅन खाली ठेवला, शेजारच्या कुंपणातलं झेंडूचं फूल तोडून वाहिलं आणि तो कामाला लागला. झेंडू पाहून धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी उदबत्ती लावली. उदबत्ती पाहून मागच्या गल्लीतल्या एका आजींना आठवलं की इथे पूर्वी देवीचं ठाणं होतं. संध्याकाळपर्यंत लाल चुनरी आली. सक्सेनांनी आपली गाडी मुकाट्याने हलवली. पाटीने जे झालं नसतं ते देवीने न बोलता करून दाखवलं, पण जागा अंबरीशरावांच्या वाट्याला आली नाही ती नाहीच.

अंबरीशराव देवधर्म मानत नसत. मंजूषा सकाळी पूजा करायची तेव्हा ते वर्तमानपत्र जरा उंच धरत. आता रोज जिना उतरलं की घंटा. लोक नारळ वाढवत, आणि ते कशावर? खांबावर! प्रत्येक नारळाला चिमूटभर सिमेंट झडे आणि वर राहणारे अंबरीशराव गॅलरीतून नारळ मोजत. नारळाचं पाणी बुडाशी मुरे ते वेगळंच. एकदा न राहवून ते एका बाईंना म्हणाले, "बहनजी, ये देवी नहीं है. ये हल्दी का परीक्षण है." बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "भैया, आपके घर के नीचे माँ प्रकट हुई हैं और आप ऐसी बातें करते हैं? तभी आपका खंभा फटा." तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात कुठेतरी मोठी गोची होती, पण ती सापडेपर्यंत बाई प्रसाद देऊन गेल्या होत्या.

शेवटी अंबरीशरावांनी स्वतःच्या खिशातून काम करायचं ठरवलं आणि बाळू मिस्त्रीला बोलावलं. बाळू बऱ्हाणपूरकडचा, घरी मराठी, कामावर हिंदी. त्याने लोखंडी टेकू, छिन्नी, सगळं सामान रिक्षात घालून आणलं, खांबासमोर आला, चप्पल काढली, हात जोडले आणि सामान परत रिक्षात भरलं.

"अरे, काय झालं?"

"साहेब, देवीच्या अंगावर छिन्नी मारायला सांगता? माझी पोरंबाळं आहेत."

"ती देवी नाही रे, तो खांब आहे!"

"काल होता साहेब. आज नाही."

असे आणखी दोन मिस्त्री येऊन नमस्कार करून गेले. महिना सरत आला. जैनसाहेबांचा फोन आला की परवा येतो. मंजूषाताईंनी न सांगता एक बॅग खाली काढून पुसून ठेवली. ती पुसलेली बॅग पाहून अंबरीशराव गॅलरीत जाऊन बसले. खाली आरतीची गर्दी जमत होती. एकेक माणूस भक्तीने येत होता, काहीतरी ठेवून जात होता. ज्या खांबासाठी मीटिंगमध्ये कोणी हात सैल सोडला नव्हता, त्याच्यासमोर दानपेटी आली होती, तीही ढोकेकाकांच्या घरची. अंबरीशराव बराच वेळ बघत राहिले. मग उठले, पायजमा बदलला, आणि ज्या माणसाने आजवर आरतीला टाळी वाजवली नव्हती तो माणूस गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन उभा राहिला.

"भाइयो और बहनो," त्यांचा आवाज चिरकला. "मुझे कुछ कहना है. इस... इस देवी के बारे में."

घंटा थांबली.

"देवी की तबीयत ठीक नहीं है." कुजबुज सुरू झाली. अंबरीशरावांनी तिकडे पाहिलं नाही. थांबले असते तर धीर गेला असता. "बरसों से हवा इनके शरीर में घुस रही है. अंदर का चूना मर रहा है. जो लोहा इन्हें खड़ा रखता है, वो गल रहा है, फूल रहा है, भीतर से फाड़ रहा है. हम ऊपर से नारियल मारते हैं, नीचे से पाइप टपकती है. लेकिन बीच में देखिए, लाल है. अभी प्राण बाकी हैं. पुराना मंदिर जर्जर हो जाए तो हम क्या करते हैं? छोड़ देते हैं?"

"जीर्णोद्धार!" मागच्या गल्लीतल्या आजी ओरडल्या.

"जीर्णोद्धार," अंबरीशराव म्हणाले. एकही शब्द खोटा नव्हता, हे त्यांनी मनात तपासून पाहिलं. फक्त एका ठिकाणी खांबाऐवजी देवी म्हटलं होतं. लेखापरीक्षणात याला हरकत घेता आली असती, पण घेणारे तेच होते.

पुढचं सगळं भराभर झालं. दुरुस्तीला पैसा नसतो, जीर्णोद्धाराला कमी पडत नाही. सक्सेनांनी पहिली देणगी जाहीर केली. ढोकेकाकांनी लगेच त्यांच्यापेक्षा मोठी. मग कोणीतरी विचारलं, एकाच खांबाचा कसा? देवी उभी आहे ती सगळ्यांच्या आधारावर. आजारी खांब कुठले ते हळदीने आधीच सांगितलं होतं. ढोकेकाकांचा पिवळा खांब यादीत पहिला आला तेव्हा ते पेढ्यांबद्दल काही बोलले नाहीत. "पिंपळापुरे," एवढंच म्हणाले, "ते लाल-पिवळं एकदा बराबर समजावून सांगा न मले."

जैनसाहेबांना फोन करून थोडी मुदत मागितली. काम ठरल्याचं ऐकून त्यांनी ती आनंदाने दिली. बाळू मिस्त्री परत आला. त्याने आधी नारळ वाढवला, तोही खांबावर नाही, पायरीवर. मग चुनरी घडी करून मंजूषाताईंच्या हातात दिली, टेकू लावले आणि कामाला लागला. गळकी पाइप बदलली. पोकळ सिमेंट काढलं, सळ्या घासून लखलखीत केल्या, जिथे गंजून बारीक झाल्या होत्या तिथे नव्या जोडल्या, भोवती साच्यासारखे फर्मे लावून नवं काँक्रीट ओतलं. श्रुती पुण्याहून रोज फोटो मागवायची आणि ओरडायची. अंबरीशराव सकाळ-संध्याकाळ रबरी नळी घेऊन खांबांना पाणी मारत उभे राहत. येणारेजाणारे त्यांना पुजारी समजून नमस्कार करत, आणि सुरुवातीला दोन-चार दिवस त्यांनी ते नाकारलंही.

जैनसाहेब आले तेव्हा फर्मे निघाले होते. त्यांनी प्रत्येक खांब हातोडीने टकटक वाजवून पाहिला, कान लावून ऐकला. अंबरीशराव मागे उभे होते. त्यांच्या मागे मंजूषाताई, त्यांच्या मागे अख्खी सोसायटी. टकटक. पुढचा खांब. टकटक. कोपऱ्यातल्या खांबापाशी साहेब सगळ्यात जास्त वेळ थांबले.

"बहुत अच्छा काम हुआ है," अखेर ते म्हणाले. "खाली करने की कोई ज़रूरत नहीं. आराम से रहिए."

मंजूषाताईंनी पदराने डोळे टिपले. ढोकेकाकांनी टाळ्या वाजवल्या. या गडबडीत जैनसाहेबांनी हातोडी बॅगेत टाकली, इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले, कोपऱ्यातल्या नव्या खांबासमोर वाकून नमस्कार केला आणि बूट घालून निघून गेले.

सगळे पांगले. अंबरीशराव एकटेच उरले. खांब करडा, गुळगुळीत, साधा. ना हळद, ना टिळा. वर त्यांचं घर होतं. तिथून मंजूषाताईंच्या पायांचा आवाज, मग नळाचा, मग अनंताच्या कुंडीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा. हे सगळं या एका करड्या अंगावर उभं होतं, इतकी वर्षं, आतून फुटत असताना तक्रारीचा शब्द न काढता.

त्यांनी चपला काढल्या. हात जोडले. मान पुरती खाली गेली.

"अहो," वरून मंजूषाताईंचा आवाज आला, "काय करताय?"

"आलो," अंबरीशराव म्हणाले. पण लगेच हलले नाहीत.